दोघांना बसायला जागा



तरुणांविषयी बोलायचे ते बहुधा तरुण सभेत नसताना, असा व्याख्यानमालांचा जुना प्रघात आहे. आजही पुढच्या रांगांत आमच्याच वयाची मंडळी दिसत आहेत. तेव्हा तरुणांना उपदेश करण्याचा बेत आम्ही सोडून दिला आहे. जे हजर आहेत त्यांच्याशीच बोलावे, हे बरे.

सिनेमाच्या गाण्यांनी पोरे बिघडली, ही तक्रार काही आजची नाही. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मोठे व्यासंगी गृहस्थ. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची खात्री होती; त्यांच्या अमदानीत आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. मग लोक ख्याल-ध्रुपद ऐकू लागले काय? मुळीच नाही. त्यांनी रेडिओचा कान पिरगाळला आणि सिलोन लावले! त्याच सालच्या अखेरीस तेथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घरोघर जाऊन बसला. शेवटी १९५७ साली सरकारलाच विविध भारती काढावी लागली. केसकरांना अरसिक मात्र म्हणता येणार नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला, आणि पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली गीतरामायण घुमले तेव्हाही मंत्री तेच होते. चांगले द्यावे हे त्यांना कळत होते. दार लावले की माणूस खिडकीतून जातो, एवढे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हते.

आज गाण्याला बंदी नाही. १९९८ साली लोकल पनवेलला आली आणि गावच्या तरुणाचा दिवसच बदलला. सकाळची गाडी धरायची, बेलापूर, वाशी, कोणी थेट मुंबई. मुंबईपर्यंतचा प्रवास सव्वा तासाच्या वरचा. त्या प्रवासात मैत्र्या जुळतात, महिलांच्या डब्यात वाढदिवस होतात, क्रिकेटवरून भांडणे होतात. एका डबीतल्या इअरफोनांपैकी एक त्याच्या कानात, एक तिच्या. दोघांत मिळून एक गाणे. पहिल्या पगारातून आईला साडी आणि उरलेल्या पैशांत मित्रांना मिसळ. ही सुखे फार मोठी नाहीत. पण बावीस-तेविसाव्या वर्षी माणूस याहून मोठे काही मागतही नसतो.

अडचण येते ती गाडीतून उतरल्यावर. घर दोन खोल्यांचे, त्यात आजी, धाकटा भाऊ आणि चालू असलेली मालिका. तेथे मैत्रिणीला बोलवायचे कसे? वडाळे तलावाचा काठ आता सुशोभित झाला आहे. संध्याकाळी तेथे फिरायला जाणे हा पनवेलकरांचा आवडता उद्योग. पण एका बाकावर दोघे बसले, की फिरणाऱ्या पावलांचा वेग कमी होतो. हा कोणाचा? ती कोणाची? येथे शिपाई लागत नाही, शेजारधर्म पुरतो. मुलगी घरी पोचण्याआधी बातमी पोचलेली असते. त्यातही मुलाला ओरडा बसतो आणि प्रकरण मिटते; मुलीचा मात्र संध्याकाळचा क्लास बंद होतो, मोबाइल तपासला जातो आणि महिन्याभरात स्थळे पाहायला सुरुवात होते.

मग ही मुले कोठे जातात? सिलोनला जातात! आजचे सिलोन पनवेलहून पाचवे स्थानक आहे. सीवूड्स स्थानकाच्या डोक्यावरच भला मोठा मॉल आहे. गारवा आहे, गर्दी आहे, आणि गर्दीत ओळखीचे कोणी नाही. फक्त बसायचे तर काहीतरी विकत घ्यावे लागते. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला तेथे निवांतपणा मिळतो. ज्याच्या नाहीत तो स्थानकाच्या जिन्यावर उभा राहून बोलतो. तलावाचा बाक फुकट होता.

आता त्या दुसऱ्या गाण्याची गोष्ट. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. त्यातल्या 'झिंगाट'वर गेल्या काही वर्षांत किती वराती नाचल्या असतील याची गणती नाही. मुलीचे मामा नाचतात, काका नाचतात. वरात बहुधा जातीतल्या जातीत ठरलेल्या लग्नाची असते. जातीबाहेर प्रेम करून पळून गेलेल्या पोरापोरीला तिच्याच नातेवाइकांनी संपवले, ही त्या चित्रपटाची हकीकत. शेवटी पडद्यावर एक लहान मूल आहे, रक्ताची पावले आहेत, आणि गाणे नाही, संवाद नाही, काही आवाजच नाही. गाणे आपण वरातीत आणले, तो शेवट थिएटरातच ठेवून आलो. आम्हांला या गोष्टीचे जेवढे भय वाटते तेवढे कोणत्याही भडक गाण्याचे वाटत नाही.

कायद्याचे म्हणावे तर तो या मुलांच्या बाजूला आहे. लग्नाचे वय मुलीला १८, मुलाला २१. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीने वा जमावाने आडवे येणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या मार्चमध्ये बजावले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म-जात न विचारता लग्न लावता येते. मात्र आधी नोटीस द्यायची, ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावायची, आणि ३० दिवस थांबायचे. म्हणजे तेथेही येणारा-जाणारा वाचणारच: हा कोणाचा, ती कोणाची!

आणि आमची रीत? कांदेपोह्यांची बशी, अर्धा तास, त्यातली दहा मिनिटे गच्चीवर 'दोघांना बोलू द्या'. भाजी घेताना याहून अधिक वेळ आपण वांगी दाबून पाहतो. ज्या मुलीला आयुष्याचा जोडीदार दहा मिनिटांत पारखता यावा अशी आपली अपेक्षा आहे, तिला माणूस म्हणजे काय चीज असते हे आधी कोठे कळायचे? ते कळते मैत्रीत. कोणता मुलगा वेटरशी उर्मटपणे बोलतो, कोण उसने पैसे परत करतो, कोण 'नाही' हा शब्द निमूट ऐकून घेतो, हे कळायला चार संध्याकाळी लागतात. प्रत्येक मैत्री लग्नाकडे जात नाही, जाऊही नये. पण त्या चार संध्याकाळी ज्यांना मिळाल्या, त्यांना पुढे होकार आणि नकार दोन्ही नीट देता येतात.

तेव्हा या सभेपुढे आमची मागणी अगदी लहान आहे. तलावाच्या काठचे दिवे शेवटची पोरे घरी जाईपर्यंत चालू असावेत, म्हणजे मुलींना धास्ती नको. बाक थोडे वाढवावेत. आणि फिरायला जाणाऱ्या आपण मंडळींनी त्या बाकांवरून जाताना तळ्याकडे पाहत जावे. तळे पाहण्यासारखे आहे.