आदिनाथची वाट पाहू नका



गुन्हेगार सुधारू शकतो का, हे आपल्याला नेहमी विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेलं असतं. मुलुंडमध्ये या प्रश्नाला बगल देता येत नाही. चेकनाका ओलांडला की ठाणे, आणि तिथल्या जुन्या किल्ल्यातच मध्यवर्ती कारागृह. ठाणे, कल्याण, तळोजा, आर्थर रोड यांपैकी कुठल्या तरी दारात आपल्या डोंगराकडच्या वस्त्यांतल्या आया मुलाखतीसाठी उभ्या असतात.

माझं उत्तर 'हो' आहे, आणि ते स्वतंत्रपूरच्या आधाराने देतो. सांगली जिल्ह्यातला आटपाडी हा दुष्काळी तालुका तेव्हा औंध संस्थानात होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 च्या सुमारास तिथल्या माळरानावर कैद्यांची वसाहत उभी केली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची ती कल्पना. शिक्षा झालेल्या माणसांना शेती कसायला दिली, बायकामुलं सोबत राहू दिली. संस्थान विलीन झालं, पण वसाहत आजही सरकारच्या तुरुंग खात्यात चालू आहे.

त्याच तालुक्यातल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट थोर आहे. पण त्यामुळे आपली एक समजूत झाली, ती मला खटकते. सहा खुनी माणसं सुधारतात ती आदिनाथ या जेलरच्या डोळ्यांतल्या धाकाने आणि मायेने, अखेर त्याच्या बलिदानाने. म्हणजे सुधारणेसाठी संत हवा, आणि संत काही रोज भेटत नाहीत, म्हणून आपण हात टेकतो. प्रत्यक्ष स्वतंत्रपुरात अधिकारी बदलत गेले, पिढ्या बदलल्या, तरी वसाहत टिकली. संध्याकाळी परतायला घर आहे, पोराला शाळेत धाडायचं आहे, पीक उभं आहे. पळून गेलो तर हे सगळं जाईल, एवढा हिशेब कुणालाही कळतो.

तरीही एक खंत आहे. स्वतंत्रपूरसारख्या खुल्या कारागृहात जागा मिळते ती बराच काळ चांगल्या वर्तनाने काढलेल्या पक्क्या कैद्याला. देशाच्या तुरुंगांत मात्र दर चारांतले तीन कच्चे कैदी आहेत. मोबाइल हिसकावल्याच्या आरोपाखाली एकोणीस वर्षांचा पोरगा आत जातो, जामीन मंजूर होतो आणि जामीनदार नाही म्हणून तो तिथेच राहतो. त्या दाटीच्या बराकीत तो कुणाच्या ओळखीने जगतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ज्याला वळवणं सगळ्यांत सोपं, त्याच्यासाठी आपल्याकडे सगळ्यांत कमी आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास'ने 1990 पासून मुंबईत नेमकं हेच काम धरलं: वकील, घरच्यांना निरोप, सुटल्यावर रोजगाराची सोय. असं काम दर कारागृहात सरकारी पगारावरच्या माणसांनी करायला हवं.

ज्यांनी घाव सोसला त्यांना मी विसरलेलो नाही. ज्या बाईच्या घरातला माणूस मारला गेला, तिने क्षमा करावी असं सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. काही माणसं बदलत नाहीत, त्यांना आतच ठेवावं लागतं, हेही मला मान्य आहे. पण शिक्षा भोगून बाहेर पडलेला माणूस तिच्याच गल्लीत परत येणार असतो. तो कसा यावा, हा तिच्याही सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

1958 च्या परिवीक्षा कायद्यात एक कलम आहे, बारावं. चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये, असं ते सांगते. कायदा इतकं स्पष्ट बोलतो, तरी नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला की पोरगा अर्ज न भरताच घरी जातो. माझी या संमेलनाकडे मागणी एवढीच: उद्याच्या सत्रात या कलमाची मराठीत, एका पानाची, मालकाला आणि पोलीस ठाण्याला दाखवता येईल अशी माहिती तयार करा. आणि मुलुंडमध्ये ज्यांची दुकानं, गॅरेज, छापखाने आहेत त्यांच्याकडे ती घेऊन स्वतः जा. पहिल्या दुकानात मी तुमच्याबरोबर येतो.