मुंबईच्या गोदीतलं सागवान

मी बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या डोईफोडियाचा. नाव ऐकलं की नवखा माणूस आधी स्वतःची डोई चाचपतो! सातपुड्याच्या या पट्ट्यात सागाचं कौतुक कुणालाच नाही. घराचे खांब सागाचे, तुळया सागाच्या, गोठ्याची दांडकीसुद्धा सागाचीच.

म्हणूनच इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलच्या गोदीत, ‘त्रिंकोमाली’ या युद्धनौकेच्या तोफांच्या मजल्यावर वाकून चालताना मला एकदम आमची पडवी आठवली. वाकूनच चालावं लागतं. मान वर केली की तुळई कपाळाला लागते. डोईफोडियाच्या माणसाला तिथंही सुटका नाही.

ही नौका मुंबईची. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. वाडिया म्हणजेच जहाजं बांधणारा. या घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईला आले. आमची तापी बऱ्हाणपूरच्या घाटांवरून वाहत पुढं सुरतेलाच समुद्राला मिळते, त्यामुळं मी त्यांना परका मानत नाही! पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी नौकेच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला, असं सांगतात.

पण इंग्रजांना मुंबईच का आठवली? नेपोलियनशी लढता लढता त्यांच्याकडं ओक लाकडाची टंचाई झाली होती. शिवाय ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या अंगातच तेल. तो खिळ्यालाही जपतो आणि पाण्यालाही दाद देत नाही. या नौकेसाठी साग आणला मलबारातून.

बांधणीचे आराखडे ‘जावा’ नावाच्या जहाजावरून मुंबईला निघाले होते. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेनं ते जहाज हरवून जाळलं. आराखडे पुन्हा पाठवावे लागले, काम सुरू व्हायला 1816 चा मे उजाडला. तोवर नेपोलियनचा वॉटर्लूला निकाल लागून गेला होता. 1819 मध्ये नौका पोर्ट्समथला पोचली आणि पुढली पंचवीसेक वर्षं नुसती बांधून ठेवली गेली. गंमत पाहा, ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ही लाकडीच, आणि आज बोस्टनला लोक तीही बघायला जातात.

‘त्रिंकोमाली’ 1897 मध्ये तर भंगारात निघाली होती. जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थांनी ती विकत घेतली, नाव बदलून ‘फुद्रोयां’ केलं आणि तिच्यावर पोरांना दर्यावर्दीपण शिकवलं. 1987 मध्ये ती हार्टलपूलला आली. दुरुस्तीला दहा वर्षांहून जास्त लागली. पुढं जुनं नावही परत मिळालं. दोनशे वर्षांनंतरही तिच्यातलं बरंचसं लाकूड मूळचंच आहे.

घरी आल्यावर आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “साग कुठला म्हणालास?”

“मलबारचा.”

अण्णांनी पडवीच्या खांबावर बोटानं टकटक केलं. “तरीच दुरुस्ती लागली.”