ओला कागद, सुका कागद



आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली. पुढे बहुतेकांचे जलरंग सुटले. माझे चाळिशीत परत हाती आले, आणि आता मी माणसांचे चेहरे रंगवते.

चेहरा रंगवायच्या दोन रीती. एक थरांची: पातळ रंगाचा एक हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा. खालचा थर वरच्यातून दिसत राहतो, म्हणून त्वचा जिवंत वाटते. दुसरी ओल्यावर ओलं: कागद भिजवून गालावर रंगाचा थेंब सोडायचा आणि पसरेल तसा पसरू द्यायचा. कागदाची चकाकी गेली की हात आवरायचा. दमट कागदावर पाणी पडलं तर फुलकोबीसारखा डाग उठतो. दोन्हींत पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. नाकावरचा उजेड आधीच राखून ठेवावा लागतो.

या माध्यमात काय होऊ शकतं ते पाहायचं तर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ पाहा. दिव्याचा उजेड बोटांतून लालसर झिरपतो. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते हळदणकरांचं आहे, जलरंगातलं आहे, आणि दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी गीता.

माझ्यासमोर बसते माझी आई. ती ८२ वर्षांची आहे. एका जागी पंधरा मिनिटांवर बसवत नाही. म्हणून मी दोन्ही रीती एकत्र केल्या. ती समोर असताना कागद ओला: मान कुठे कलली, उजेड कुठून आला, एवढंच धरायचं. ती आडवी झाली की कागद वाळतो. मग डोळ्यांच्या खोबणीत, हनुवटीखाली अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा पातळ हात. दिवसाला एकच थर.

फोटोवरूनही करता येतं, सुरकुत्या अगदी बरोबर येतात. पण समोरची आई मध्येच बोलते, हसते, कंटाळते. ओला रंगही तसाच, सांगितलेलं न ऐकणारा. त्या दोघांचं जमतं.

मागच्या महिन्यात एक चित्र पुरं झालं. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “अगं, ही तर माझी आई!” आजीचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

तुमच्याही घरी असे चेहरे असतील. रंगांच्या जुन्या वड्या पाण्यानं परत भिजतात. कागद मात्र चांगला, ३०० जीएसएमचा घ्या, आणि लवकर बसा.