‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी

(परभणी येथे विद्यार्थी आणि बचत गटांच्या महिलांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान अनेक वर्षं चालवलं, त्यातून जे शिकलो तेच सांगणार आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. पालम तालुक्यातल्या एका खेड्यातून एक मुलगी आईला घेऊन एसटीने आली. उत्पन्नाचा दाखला, मार्कमेमो, बोनाफाईड, पासबुक, सगळे कागद नीट लावलेले. मी साइट उघडली, तर पडद्यावर कनेक्शन सुरक्षित नसल्याची सूचना. दोन-तीनदा रिफ्रेश केलं आणि आम्ही दुकानदार जे नेहमी म्हणतो तेच म्हणालो, ‘‘सर्व्हर डाऊन आहे, खाला.’’ त्या संगणकावर मग मी दिवसभर टायपिंगचं काम केलं. ‘‘सर्वर कब चालू होता, बेटा?’’ असं अधूनमधून विचारत त्या संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसून होत्या. शेवटच्या बसची वेळ झाली तशा उठल्या. तारीख टळली.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. सर्व्हर ठणठणीत होता. माझ्या संगणकाचं घड्याळ दहा वर्षं मागचं साल दाखवत होतं. आतला बटणासारखा सेल संपलेला, रात्री लाईट गेली आणि तारीख मागे गेली. शंभराची नोट दिली तर बरेच पैसे परत येतील, एवढ्याशा किमतीचा तो सेल. पण त्या वर्षीच्या फीसाठी त्या बाईंनी गटातून कर्ज उचललं. दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर माझा भाऊ त्याच दिवशी रेल्वेची तिकिटं काढत होता. तिथे ती साइट उघडून पाहायला दोन मिनिटं लागली असती. मी पाहिली नाही.

घड्याळाचा आणि साइटचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत लिहिलेली असते. ब्राउझर ती मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. पुढच्या तारखेचा चेक बँक आज वटवत नाही, तसंच ब्राउझर म्हणतो की हे प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. म्हणून अशी सूचना आली की आधी तारीख-वेळ बघा. तारीख बरोबर असूनही सूचना हटत नसेल, तर मात्र ‘पुढे जा’वर क्लिक करून आधार क्रमांक किंवा पासवर्ड टाकू नका. तेव्हा ती सूचना खरी असू शकते.

आता अपडेटविषयी. पुष्कळ जणांना वाटतं की अपडेट म्हणजे डेटा खाणारी कटकट. प्रत्यक्षात त्यात चोरांना सापडलेली भोकं बुजवलेली असतात. २०२१ पासून क्रोमची मोठी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येऊ लागली, आणि मध्ये छोट्या दुरुस्त्या येतात त्या वेगळ्या. अपडेट आपोआप उतरतं, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय लागू होत नाही. आमच्या दुकानांत ब्राउझर आठवडे-आठवडे बंदच होत नाही, वीस-वीस टॅब उघडे असतात. म्हणून वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जा, ‘मदत’ आणि मग ‘गूगल क्रोमविषयी’ उघडा. अपडेट अडकलेलं असेल तर तिथे दिसेल.

जुन्या संगणकांची अडचण वेगळी आहे. विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबला. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून विंडोज १० लागतं. फायरफॉक्सने जुन्या विंडोजसाठी ११५ वी आवृत्ती वेगळी ठेवून तिला पुढेही सुरक्षेची डागडुजी पुरवली. असा संगणक घरात असेल तर मुलांना टायपिंग शिकायला ठेवा, बँकेच्या व्यवहाराला नको.

मोबाईलवरही तेच. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइड फोनमध्ये अचानक अॅप बंद पडायला लागली. दोष त्या अॅपचा नव्हता. अॅपच्या आत वेबपानं दाखवणारा ‘वेबव्ह्यू’ नावाचा भाग असतो, त्याचं अपडेट बिघडलं होतं. प्ले स्टोअरवरून वेबव्ह्यू आणि क्रोम नव्याने अपडेट केल्यावर अॅप चालू झाली. सांगायचं हे की बिघाड दिसतो एका ठिकाणी आणि असतो दुसऱ्याच ठिकाणी.

मग अॅड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या सोयी. कुणी जाहिराती अडवण्यासाठी घेतं, कुणी पीडीएफसाठी. ते बसवताना एक परवानगी मागितली जाते: सर्व साइटवरचा तुमचा डेटा वाचणं आणि बदलणं. आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. घराची किल्ली देताना माणूस बघतो ना आपण? ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं एक लोकप्रिय अॅड-ऑन होतं, वीस लाखांच्या आसपास लोक ते वापरत. २०२० मध्ये मूळ मालकाने ते दुसऱ्याला दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढून टाकलं. किल्ली तीच राहिली, घरात येणारा माणूस बदलला. म्हणून अॅड-ऑन मोजकीच ठेवा आणि वापरात नसलेली काढून टाका.

प्रामाणिक अॅड-ऑनही कधी अडतात. मे २०१९ मध्ये फायरफॉक्सच्या स्वतःच्याच एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभर लोकांची अॅड-ऑन एकदम बंद पडली. ज्यांनी घाईत सगळं काढून टाकलं त्यांच्या सेटिंग्जही गेल्या. जे थांबले त्यांना लवकरच दुरुस्ती मिळाली.

आपल्याकडे म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ साइट अडली की आम्हीही तसंच करायचो. दिसेल ते बटण दाबायचं, बनलं तर बनलं. त्याऐवजी हा क्रम लक्षात ठेवा. आधी तारीख-वेळ. मग दुसरी साइट उघडते का ते बघा, म्हणजे नेटचा दोष की त्या साइटचा हे कळेल. मग तीच साइट गुप्त विंडोत उघडा. तिथे अॅड-ऑन सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीज नसतात. तिथे चालली तर दोष आपल्या ब्राउझरमध्ये आहे. फक्त त्या साइटच्या कुकीज पुसा, अॅड-ऑन एकेक करून बंद करून बघा. पावती किंवा पैसे भरण्याची खिडकी उघडत नसेल तर पॉप-अप अडवलेलं आहे का ते पाहा. शेवटी दुसरा ब्राउझर, दुसरं यंत्र. एवढं सगळं करून झाल्यावरच म्हणा की सर्व्हर डाऊन आहे. आणि तसं म्हणाल तेव्हा तारीख-वेळेसह पडद्याचा फोटो काढून ठेवा. मुदत वाढवून मागताना हातात काहीतरी पुरावा पाहिजे.

दोन इशारे देतो. ‘तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे दाबा’ असं एखादं वेबपान सांगत असेल किंवा व्हॉट्सअॅपवर अपडेटची एपीके फाइल आली असेल, तर हात लावू नका. खरं अपडेट ब्राउझरच्या आतून किंवा प्ले स्टोअरवरून येतं. फसवणूक झालीच तर लाज धरू नका, लगेच १९३० वर फोन करा. दुसरं, दुकानात काम झालं की लॉग-आउट करा, पासवर्ड ‘सेव्ह’ करू देऊ नका आणि डाउनलोडमधली आपली आधारची पीडीएफ दुकानदाराला तुमच्यासमोर पुसायला लावा. माझ्या स्वतःच्या त्या फोल्डरमध्ये एकदा शेकडो लोकांचे आधार निघाले होते.

पूर्वी तहसीलच्या खिडकीत बसलेला माणूस ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणायचा आणि आपण परत फिरायचो. आता रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंतची खिडकी म्हणजे हा ब्राउझर आहे, आणि ‘सर्व्हर डाऊन’ हे त्याच वाक्याचं नवं रूप. ते वाक्य खरं आहे की खोटं, हे तपासता येणं हासुद्धा आपला हक्क आहे.

ती मुलगी पुढच्या वर्षी आली, मुदतीच्या पंधरा दिवस आधी. खुर्चीवर बसण्यापूर्वी तिने पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली, मग कागद काढले. मला काही बोलली नाही. तेव्हापासून सकाळी दुकान उघडलं की मी आधी तारीख बघतो.