नाव नाही, गाव नाही, आणि म्हणे नाणं घ्या!

(रत्नागिरी येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांतील बैठकांत वाचून दाखवता यावा म्हणून छापत आहोत.)



समोर कोकणातले आंबा-काजूवाले बसले आहेत आणि लांबचा प्रवास करून आलेले वऱ्हाड-मराठवाड्यातले कापूस-ज्वारीवालेही आहेत. दोघांची पिकं वेगळी, पण अलीकडे दोघांच्या मोबाईलवर निरोप मात्र एकच येतो. 'नवीन नाणं निघालं आहे, आत्ता घ्या, सहा महिन्यांत दसपट.' नाणं काढणारे कोण, असं विचारलं तर उत्तर येतं, 'टीम आहे, जगभर पसरलेली.' त्यांची नावं? एकाचं नाव कुठल्या प्राण्याचं, दुसऱ्याचं नुसती अक्षरं आणि आकडे. फोटोच्या जागी चित्र. आज याच सौद्याचा हिशेब मांडायचा आहे.

आधीच सांगतो, आम्ही बंदी मागायला उभे नाही. शेतकऱ्याचा माल कुठं विकावा, कुणाला विकावा यावरच्या बंद्यांनी आपलं किती भलं केलं ते आपण भोगलं आहे. ज्याचा पैसा आहे त्यानं तो कुठं लावावा हे त्यानं ठरवावं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. तेव्हा असं नाणं विकत घेणं हा गुन्हा नाही. पण गुन्हा नाही म्हणजे शहाणपणाचं आहे, असं होत नाही. विहिरीत उडी मारण्यावर तरी कुठं बंदी आहे?

बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून होणारा सौदा आपल्याला माहीत आहे. तिथं भाव लपलेला असायचा, पण माणूस समोर असायचा. त्याचं गाव ठाऊक, बैल खोडीचा निघाला तर त्याच्या दारात जाऊन बसता यायचं. या नव्या बाजारात नेमकं उलटं आहे. भाव साऱ्या जगाला घटकेघटकेला दिसतो. रुमालाखाली लपला आहे तो माणूस.

यावर शिकलेली पोरं म्हणतात, 'बिटकॉइन काढणाराही निनावीच होता की!' पोरांचा मुद्दा खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. सातोशी नाकामोतो या टोपणनावानं 31 ऑक्टोबर 2008 ला एक नऊ पानी टिपण प्रसिद्ध झालं, जानेवारी 2009 मध्ये ते नाणं सुरू झालं आणि 2011 नंतर तो माणूस दिसेनासा झाला. तो कोण हे आजवर ठरलेलं नाही. पण त्यानं कुणाकडून ठेव घेतली नाही, महिन्याला इतके टक्के देतो असं म्हटलं नाही. एकंदर 2 कोटी 10 लाखांपेक्षा जास्त नाणी निघणार नाहीत हा नियम त्यानं उघड मांडला. तो निघून गेला तरी यंत्र चालू राहिलं, कारण कशाचीही किल्ली त्याच्या एकट्याच्या खिशात नव्हती. भाव मात्र त्याचाही कोसळतो. नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69 हजार डॉलरवर गेलेलं बिटकॉइन वर्षभरात 16 हजारांच्या आसपास आलं होतं. तो जोखमीचा सौदा आहे, पण सौदा आहे.

म्हणून आमचं सांगणं एका वाक्यात असं: निनावी माणसानं बनवलेली वस्तू एक वेळ पारखून घेता येते, पण निनावी माणसाच्या हातात ठेव ठेवता येत नाही. ज्या नाण्याची किल्ली 'टीम'च्या खिशात आहे, ते घेणं म्हणजे खरेदी नव्हे. ती बिनपावतीची ठेव आहे.

किल्ली म्हणजे काय, ते पाहू. असं नवं नाणं काढायला ना टांकसाळ लागते, ना परवाना. जाणत्या पोराला ते एका दुपारचं काम आहे. त्या नाण्याचा बाजार हौदासारखा असतो. हौदात एकीकडे त्यांचं नवं नाणं, दुसरीकडे डॉलरच्या मोलाचं चालतं नाणं. तुम्ही चालतं नाणं हौदात टाकता, नवं काढून घेता. जितके लोक टाकतील तितका नव्याचा भाव चढतो. पण चालकानं नव्या नाण्यांचा मोठा ढीग फुकटात स्वतःकडे ठेवलेला असतो. हौद भरला की एका रात्री तो ढीग ओततो आणि सगळं चालतं नाणं उपसून नेतो. याला त्या धंद्यात 'रग पुल' म्हणतात, म्हणजे पायाखालची सतरंजी ओढणं.

ऑक्टोबर 2021 मध्ये स्क्विड गेम या कोरियन मालिकेच्या नावावर कुणीतरी नाणं काढलं. मालिकेवाल्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. काही पैशांना निघालेलं हे नाणं 1 नोव्हेंबरला 2,800 डॉलरच्या वर गेलं आणि काही मिनिटांत शून्यावर आलं. सुमारे 33 लाख डॉलर नेले असा अंदाज आहे. गंमत अशी की भाव चढत होता तेव्हाही घेणाऱ्यांना ते विकता येत नव्हतं. आत जायला दार, बाहेर यायला भिंत.

काही नाणेवाले सांगतात, 'आमच्या तिजोरीला पाच जणांच्या सह्या लागतात, एकटा कुणी पळू शकत नाही.' ऐकायला छान आहे. पण पाचही नावं टोपण असली आणि पाचांच्या मागं एकच माणूस असला तर? ऑगस्ट 2022 मध्ये उघडकीला आलं, की इयान मॅकालिनाओ नावाचा तरुण 11 टोपणनावांनी 11 वेगळे कारागीर असल्याचं दाखवत होता. त्यातलं एक नाव होतं 'सूर्या खोसला', थेट आपल्याकडचं. एकाच्या योजनेतली ठेव दुसऱ्याच्या योजनेत पुन्हा मोजली जाई आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, केवढा हा पैसा! एकच बैल अकरा दावणींना बांधून दाखवण्याचा हा प्रकार.

आता घराजवळचं उदाहरण. आपल्या शेजारच्या सुरतेशी नातं असलेलं बिटकनेक्ट. त्यांनी सांगितलं, तुमची बिटकॉइन आम्हाला द्या, आमच्याकडे एक यंत्र आहे, ते रात्रंदिवस सौदे करतं. महिन्याला 40 टक्क्यांपर्यंत परतावा. हिशेब करा. महिना 40 टक्क्यांनी 10 हजारांचे वर्षाला साडेपाच लाखांवर होतात. असं यंत्र ज्याच्याजवळ असेल तो तुमच्या 10 हजारांसाठी कशाला दारोदार फिरेल? जानेवारी 2018 मध्ये योजना बंद पडली आणि नाण्याचा भाव नव्वद टक्क्यांहून जास्त आपटला. अमेरिकी सरकारनं फेब्रुवारी 2022 मध्ये सतीश कुंभानी या गुजरातच्या माणसावर 240 कोटी डॉलरच्या फसवणुकीचं आरोपपत्र ठेवलं. त्यात त्याची 'विंडी', 'व्हीएनडी' अशी टोपणनावंही दिली आहेत. तोवर तो भारत सोडून गेल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी न्यायालयाला कळवलं, पण कुठं गेला ते त्यांना सांगता आलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये ईडीनं याच प्रकरणात 1,646 कोटी रुपयांची आभासी नाणी जप्त केली. योजना बुडून सात वर्षं झाली होती. सात हंगाम ज्याचा पैसा अडकला, त्या शेतकऱ्यानं बी-बियाणं कशातून आणायचं?

कुणी म्हणेल, नाव ठाऊक असलेले काय कमी बुडवतात? बरोबर आहे. गेनबिटकॉइनच्या चालकाचं नाव अमित भारद्वाज हे सर्वांना ठाऊक होतं. 18 महिने दरमहा 10 टक्के, हे आश्वासन. पुढं पैसे द्यायची वेळ आली तेव्हा बिटकॉइनऐवजी स्वतःचंच एमकॅप नावाचं नाणं लोकांच्या हातावर ठेवलं. एप्रिल 2018 मध्ये त्याला अटक झाली, जानेवारी 2022 मध्ये तो वारला. फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयनं देशभर साठाहून जास्त ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांत पुणे, कोल्हापूर आणि आपलं कापसाचं नांदेडही होतं. नाव-गाव माहीत असून ही गत. आपल्या राज्यात ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा कायदा आहे. त्याखाली बुडव्याची मालमत्ता जप्त करून लोकांचे पैसे फेडता येतात. पण ज्याला नावच नाही, त्याची जमीन कुठल्या गटात शोधणार? कुणाच्या सातबाऱ्यावर बोजा चढवणार?

इथल्या आंबेवाल्या भावांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दुसरीकडचा आंबा रत्नागिरी हापूस म्हणून खपवला जातो, याविरुद्ध ते वर्षानुवर्षं भांडले. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. आंबा कुठल्या मातीतला हे पेटीवर खरं लिहिलेलं पाहिजे, एवढाच आग्रह. एका पेटीला नाव-गाव पाहिजे, आणि वर्षाच्या कमाईला नको?

आणि एक ध्यानात घ्या. ती निनावी टीम तुमच्या दारात कधीच येत नाही. येतो तो आपला भाचा, कृषी केंद्रवाला, शाळेतले गुरुजी, गणपतीला गावी आलेला चाकरमानी. ज्याला स्वतःचं नाव नाही, तो आपल्या माणसाचं नाव वापरतो. नवा माणूस आणला की आणणाऱ्याला हिस्सा मिळतो, म्हणून साखळी वाढते. बहुतेकदा आणणाऱ्यानं स्वतःचेही पैसे घातलेले असतात. बुडाल्यावर मात्र टीम परदेशात आणि तोंड लपवायची पाळी भाच्यावर. पैसा जातो तो जातोच, सोयरीकही तुटते. कोरडवाहू शेतकऱ्याला पडत्या काळात सोयरे-धायरे सोडून दुसरा आधार कोणता?

50 हजार रुपये म्हणजे काय? 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. म्हणजे सहा क्विंटलांहून जास्त कापूस, तोही हमीभाव हातात पडला तर. कोरडवाहूत एका एकरात तेवढा निघाला तर आपण पेढे वाटतो. मातीतून चार पैसे सुटत नाहीत, म्हणूनच माणूस असल्या दसपटीकडे वळतो, हे आम्हाला कळतं. पण घामाला भाव मिळत नाही यावरचा इलाज, तो घाम निनावी माणसाच्या हौदात ओतणं हा नव्हे.

तेव्हा कुणी असं नाणं घेऊन आलं तर चार प्रश्न विचारा. एक, फसलो तर फिर्यादीत कुणाचं नाव लिहायचं? दोन, नवी नाणी छापायची आणि हौद उपसायची किल्ली कुणाकडे? तीन, आज घेतलेल्यातलं थोडं आजच विकून रुपये माझ्या बँकेत आणून दाखवतोस का? चार, नफा येतो कुठून, कुठल्या मालातून, की मागून येणाऱ्यांच्या पैशातून? 'हिशेब तपासून घेतला आहे' एवढ्यावर राहू नका. तपासतात ते यंत्र, यंत्रामागचा माणूस नव्हे. 'सरकार कर घेतं, म्हणजे मान्यता आहे' यालाही भुलू नका. 2022 पासून अशा नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. कर घेणं म्हणजे हमी देणं नव्हे.

ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत, त्यांना दोन शब्द. लाज धरून गप्प बसू नका. आपले काढून घेण्यासाठी दुसऱ्याला आत ओढू नका. 'आधी कर भरा, मग रक्कम सुटेल' असा निरोप आला तर एक रुपयाही पाठवू नका. बँकेच्या नोंदी, निरोप, नंबर पुसू नका. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे, त्यावर लगेच कळवा. पैसा वाटेत आहे तोवरच अडवता येतो. आणि ज्या भाच्यानं आणलं त्याच्या घरावर चालून जाऊ नका. त्याला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जा, कारण वरची साखळी त्यालाच ठाऊक आहे.

आपण सावकार पाहिले, दलाल पाहिले. त्यांच्याशी भांडता आलं, कारण त्यांचा वाडा कुठं आहे हे ठाऊक होतं. ज्याच्या दारात मोर्चा नेता येत नाही, त्याच्या हातात कापसाचा पैसा द्यायचा नाही, एवढा एक ठराव आपापल्या गावच्या बैठकीत करा आणि खाली नावानिशी सह्या करा.