गॅरेजमधली कार्यशाळा : पैसा आधी कुठे घालायचा?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या ज्येष्ठ सभासद मेळाव्यात दिलेले भाषण)



मला दिलेला विषय होता ‘निवृत्तीनंतरचे जीवन’. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्यातला एक लहानसा तुकडा घेतो. आपल्या बंगल्याशेजारी घरापासून सुटं असं जे गॅरेज आहे, त्याचं कमी पैशात छंदाच्या कामाची जागा कशी करायची, एवढंच सांगणार आहे.

प्लॉट पाडले तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे गाडी होती. काहींच्या गाड्या मुलांबरोबर पुण्याला गेल्या, काहींनी चालवणं सोडलं. आज निम्म्या गॅरेजमध्ये काय आहे? मोडका कूलर, रंगाचे रिकामे डबे आणि “असू दे, लागेल कधीतरी” म्हणून ठेवलेलं सगळं काही. आणि आपण मंडळी काय करतो? सकाळी पेपर, संध्याकाळी कट्टा. मधले आठ तास जाता जात नाहीत. ज्या हातांनी चाळीस वर्षं काम केलं, ते हात मांडीवर ठेवून बसणं सोपं नसतं. घरात बाईमाणसांनाही ते बघवत नाही, हे त्या बोलल्या नाहीत तरी आपल्याला कळतं.

२०१८ साली मी जुनी मारुती विकली. पंचेचाळीस हजार आले. आमच्या सौ. म्हणाल्या, “गाडीच्या पैशातच गाडीच्या खोलीचं काय ते करा, पेन्शनला हात लावू नका.” बजेट तिथेच ठरलं.

नोकरीत असताना कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कर्जदारांच्या शेडची पाहणी करायला मी जात असे. तिथं एक गोष्ट पक्की लक्षात आली. काही जण पहिला पैसा यंत्रावर घालत आणि पहिल्या पावसात वरून ठिबकायला लागलं की ताडपत्री शोधत फिरत. काही जण आधी छप्पर, जमीन आणि वीज नीट करत आणि जुनं यंत्र घेऊन सुरुवात करत. दुसऱ्या गटाचे हप्ते सहसा चुकत नसत. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे : आधी कोरडेपणा, मग वीज, मग उजेड, मग टेबल आणि सर्वांत शेवटी हत्यारं. हौशी माणूस नेमका उलटा जातो. दुकानात चकचकीत मशीन बघतो आणि घेऊन येतो.

आता एकेक बघू. आपला भाग पन्हाळ्याच्या पायथ्याचा. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की आठ दिवसांत कानशीवर गंज चढतो. आधी एक तपासणी करा, खर्च शून्य. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी बघा. कागदाच्या खालच्या बाजूला थेंब असतील तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या बाजूला असतील तर ती हवेतली आहे, वारा खेळवला की काम भागतं. माझ्याकडे खालून येत होती. जुना कोबा उकरला, खाली जाड प्लास्टिक अंथरलं, वर नवा कोबा केला. पत्र्याला पन्हळ लावली आणि बाहेरच्या जमिनीला भिंतीपासून दूर उतार दिला. याला साडेपंधरा हजार गेले. पत्रे सिमेंटचे असतील तर एक काळजी घ्या. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. त्यांना भोकं पाडू नका, घासू नका. वरून पांढरा रंग दिला तर उन्हाळ्यात आत बसवतं. आतून थर्मोकोल लावायचा मोह टाळा, तो आग लवकर धरतो.

दुसरी गोष्ट वीज. इथं काटकसर नको. घरातून एक्स्टेन्शनची वायर ओढून ड्रिल चालवणारे आपल्यात आहेत, नावं घेत नाही! परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र लाइन घ्या, अर्थिंग तपासून घ्या. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. पॉवरच्या प्लगला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घाला. मला दहा हजार दोनशे रुपये लागले. म्हणजे पंचेचाळीस हजारांतले निम्म्याहून जास्त पैसे एकही हत्यार येण्याआधी संपले होते. बघायला येणारे विचारत, “यात दिसत तर काहीच नाही, पैसे गेले कुठं?” जे दिसत नाही तिथंच ते जायला हवेत.

खिडकी आणि रंग, सहा हजार आठशे. खिडकी उत्तरेला काढली, दिवसभर उजेड सारखा राहतो, डोळ्यांवर ऊन येत नाही. टेबल आणि मांडण्या, तीन हजार सहाशे. पाडलेल्या जुन्या घराचं लाकूड विकत घेतलं, ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, वाकत नाही. उभं राहून हात सरळ खाली सोडा, मनगट येईल तेवढी टेबलाची उंची ठेवा. आपल्या वयात कंबर वाचवणं हे पहिलं. टेबल भिंतीला पक्कं बांधा, हललं तर करवत नीट चालत नाही. आग विझवण्याचं नळकांडं बाराशेचं, ते दाराजवळ ठेवा. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग फेका.

उरले सात हजार सातशे. त्यात व्हाइस, ड्रिल, रंधा, दोन पटाश्या, करवत, गुण्या, कानशी, पान्हे. बाकीचं काम अडेल तेव्हा. एखादं हत्यार दोनदा उसनं आणावं लागलं की तिसऱ्यांदा विकत घ्यायचं, हा माझा नियम.

एवढ्या हत्यारांत काय होणार, असं वाटत असेल तर आपल्याच कोल्हापूरकडे बघा. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांना सिनेमाचा कॅमेरा हवा होता. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी नाद सोडला नाही. विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा इथेच तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. तिकडे अमेरिकेत ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन मित्रांनी पालो आल्टो गावात घरामागच्या एका गाडीच्या गॅरेजमध्ये काम सुरू केलं, १९३९ मध्ये कंपनी काढली, भांडवल ५३८ डॉलर. आपल्याला कंपनी काढायची नाही. नातवाच्या सायकलीचं चाक सरळ झालं आणि देवघराचं दार कुरकुरायचं थांबलं, तरी पुष्कळ झालं.

आता संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचं. गॅरेज मंजूर नकाशात गाडीसाठी आहे. त्याचं मोठं दार काढू नका, भिंत पाडू नका, सगळं असं करा की उद्या गाडी परत आत घालता येईल. संस्थेला लेखी कळवा. घरात गाडी असताना ती रस्त्यावर आणून गॅरेज अडवू नका, ॲम्ब्युलन्सला वाट लागते. पैसे घेऊन कामं करणार असाल तर आधी ग्रामपंचायत आणि महावितरणकडे चौकशी करा.

आणि आवाज. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. पण शेजार कायद्यावर चालत नाही. माझ्या शेजारच्या वहिनी एकदा आल्या आणि म्हणाल्या, “काका, पोरीची बारावी आहे.” आम्ही बसून ठरवलं, मशीन सकाळी दहा ते बारा, बाकी वेळ हातकाम. परीक्षा झाली, ती मुलगी कॉलेजला गेली, वेळ तीच राहिली. आता त्याच घरातला धाकटा पोरगा रविवारी माझ्याकडे रंधा मारायला येतो.

त्यावरून शेवटची एक सूचना मांडतो. आपल्यात कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर आहेत, वायरमन आहेत, सुतारकाम जाणणारे आहेत. त्यांच्या हातातली विद्या त्यांच्याबरोबरच संपावी का? प्रत्येकाने वेगळं ड्रिल घेण्यापेक्षा संस्थेने एक सामाईक हत्यारपेटी करावी, नोंदवही ठेवावी आणि महिन्यातून एक रविवार मुलांना शिकवावं. नोंदवही मी सांभाळतो, सवय आहे. जागा माझ्या गॅरेजमध्ये आहे. सभेने विचार करावा, ही विनंती.