मोटारीच्या रंगावरील चिवट डाग

बोईसरहून चिल्हार फाट्यावर जाऊन मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागणारी आणि सायंकाळी त्याच वाटेने परतणारी मोटार रात्री अंगणात उभी राहते, तेव्हा या मुलखाचे बहुतेक सारे व्यवसाय थोडेथोडे तिच्या अंगावर येऊन बसलेले असतात. दारांच्या खालच्या अंगास चाकांनी उडविलेले डांबराचे शिंतोडे, टपावर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील पोलादाच्या कारखान्यांची सूक्ष्म लोहधूळ, काचेच्या कडेला चिंचणीच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यातला क्षार, आणि दिवसभर यंत्रावर राबलेल्या हातांनीच दार उघडल्यामुळे मुठीभोवती उमटलेले ग्रीसचे काळे ठसे. या डागांची आपल्याला चीड येते आणि चिडलेला मनुष्य घासावयास लागतो. माझी सारी तक्रार या घासण्याविषयी आहे.

पूर्वीच्या अँबॅसडर किंवा फियाट गाडीस पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरत असे, आणि तो रंग जाड असल्यामुळे थोडा गेला तरी निभावून जाई. आजच्या गाडीची रचना निराळी आहे. पत्र्यावर अस्तर, अस्तरावर रंग, आणि रंगावर त्याचे ऊन-पावसापासून रक्षण करणारा पारदर्शक लेप असा तिचा क्रम असतो. हा लेप साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. गाडीची सारी झळाळी याच लेपाची असते आणि त्यातला जो अंश घासून गेला, तो कोणत्याही पॉलिशाने परत येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझी गडद निळी गाडी मी एके ठिकाणी धुवावयास दिली होती. तेथील मुलाने दाराच्या मुठीजवळचे ग्रीस कपड्यांची पावडर आणि भांड्यांची तारेची घासणी घेऊन मोठ्या निष्ठेने काढले. डाग गेला खरा. पण दुसऱ्या दिवशी सकाळचे तिरपे ऊन दारावर पडले, तेव्हा तेथे कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळाकार ओरखड्यांची नक्षी दिसली. त्या मुलास मी दोष देत नाही, कारण घासणी कोणत्या कामाची आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते ओरखडे आजही तेथे आहेत.

ग्रीस काढण्याची रीत अशी. गाडी सावलीत उभी करून पत्रा निवू द्यावा. कारखान्यातील ग्रीसमध्ये लोखंडाचा बारीक कीस मिसळलेला असतो, म्हणून प्रथम ते पुसू नये. मऊ कापड डागावर नुसते टेकवावे, उचलावे, घडी बदलून स्वच्छ बाजू पुन्हा टेकवावी. दाट भाग असा उचलला गेला, की कापसाच्या बोळ्यावर थोडे खोबरेल घेऊन उरलेला डाग भिजवावा, कारण वंगण पाण्याला दाद देत नाही, आपल्या जातीच्या तेलापाशी मात्र सैल होते. मग गाडी धुण्याच्या सौम्य साबणाचा फेस लावून भरपूर पाण्याने धुवावे, म्हणजे खोबरेलाचा अंशही राहत नाही.

डांबराची तजवीजही हीच, फक्त येथे वेळ अधिक द्यावा लागतो. खोबरेलात बुडविलेला बोळा डांबराच्या ठिपक्यावर दहा मिनिटे तसाच टेकवून ठेवला, तर ठिपक्याच्या कडा प्रथम तपकिरी होतात, मग त्यातून एक बारीक ओघळ खाली सुटतो, आणि तो दिसला की बोळा हलक्या हाताने एकदाच खाली ओढावा; अर्धा ठिपका त्याबरोबर येतो आणि उरलेल्या अर्ध्यास पुन्हा दहा मिनिटे द्यावीत. रॉकेल आणि पेट्रोल वापरण्याचा दस्तूर आपल्याकडे जुना आहे. पण दोन्ही ज्वालाग्राही आहेत, आणि रॉकेल मागे आपलाच तेलकट थर ठेवते. थिनर तर लेपच मऊ करतो; त्याला गाडीजवळ मज्जाव असावा. टर्पेंटाइनचा क्वचित उपयोग करावाच लागला, तर आधी दाराच्या आतल्या कडेवर पाहून मगच करावा, आणि नुकत्याच रंगविलेल्या भागावर मुळीच करू नये.

लोहधूळ डोळ्यांना लवकर दिसत नाही. धुतलेल्या टपावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवावा. बारीक वाळूसारखी खरखर लागली, तर लेपात लोखंडाचे कण रुतले आहेत असे समजावे. पावसाळ्यात हेच कण गंजून पांढऱ्या गाडीवर नारिंगी टिंबे दिसू लागतात. नखाने ते खरवडू नयेत. असे लोहकण काढण्यासाठी मिळणारे द्रावण शिंपडले, की प्रत्येक कणाभोवती बहाडोलीच्या पिकल्या जांभळासारखा रंग उतरतो, आणि तो वाळण्यापूर्वीच गाडी पाण्याने धुवून काढावी लागते. रासायनिक कारखान्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवर रंगाची कोरडी भुकटी बसली असेल, तर फडक्याचे कामच नाही. प्रथम नुसते मुबलक पाणी सोडावे.

दसऱ्याचा एक डाग राहिला. पूजेच्या वेळी बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढण्यात येते, आणि दोन दिवसांनी ते धुताना पांढऱ्या गाडीवर पिवळी छटा उरते. साबण कडक असला, तर हळद लागलीच तांबूस होते, आणि डाग वाढला असे वाटून घरची मंडळी घाबरून घासणी आणावयास धावतात. प्रत्यक्षात डाग वाढलेला नसतो. साबणातील क्षारामुळे हळदीने फक्त रंग बदललेला असतो. त्या जागी नुसते पाणी सोडून गाडी रोज थोडा वेळ उन्हात उभी करावी. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. तो दिवसेंदिवस फिका होत जातो आणि एके सकाळी गाडी पुसताना तो कोठे होता, ते शोधावे लागते.